पुण्यातल्या क्लस्टरवर चाललेल्या जॉबची स्थिती कोल्हापुरातल्या वेबपानावर: उभारणीची पूर्ण पद्धत

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत कास्टिंग घट्ट होण्याचं सिम्युलेशन असो, नाहीतर शिवाजी विद्यापीठातल्या एखाद्या विभागाचं रेणूंचं गणित. जड काम बहुतेक वेळा इथल्या मशीनवर होत नाही. ते ‘जॉब’ म्हणून पुण्यातल्या किंवा क्लाउडवरच्या क्लस्टरला, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांच्या यंत्रणेला, जातं आणि इकडे चार जण एकमेकांना विचारत बसतात, ‘जॉब लागला का? संपला का?’ ज्याच्याकडे लॉगिन आहे तो एकटाच उत्तर देऊ शकतो. सगळ्यांना दिसेल असं एक वेबपान केलं की हा प्रश्न सुटतो. असं पान एका दिवसात उभं करता येतं. चुकीचं पानही एका दिवसातच उभं राहतं, म्हणून पुढे सापळ्यांवर जास्त वेळ घालवला आहे.

इथे गृहीत धरलं आहे की समोरच्या क्लस्टरवर स्लर्म हा शेड्युलर, म्हणजे जॉब रांगेत लावून मशीन वाटून देणारा प्रोग्राम, आहे. देशातल्या महासंगणकांच्या परम मालिकेतल्या बऱ्याच यंत्रणांवर तोच आहे. पीबीएस हा दुसरा शेड्युलर असेल तर कमांडची नावं बदलतील, रचना हीच राहील.

आधी एक तत्त्व पक्कं करू, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. जॉबची खरी स्थिती फक्त शेड्युलरला माहीत असते. आपल्या सर्व्हरवर असते ती तिची नक्कल, आणि नक्कल कधीची आहे हे सांगितल्याशिवाय तिला काडीची किंमत नाही. पावसाळ्यात पंचगंगेची पातळी नुसती ‘एकोणचाळीस फूट’ अशी कोणी सांगत नाही; राजाराम बंधारा, सकाळी अमुक वाजता, असं वेळेसकट सांगतात. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट असताना सकाळचा आकडा संध्याकाळी ताजा म्हणून खपवणं महागात पडतं. जॉबच्या पानावरही प्रत्येक ओळीत ‘शेवटची खात्री कधी झाली’ हा रकाना हवाच.

साहित्य

सर्व्हर म्हणून दोन कोअर, २ ते ४ जीबी रॅम आणि छोटी एसएसडी असलेला जुना डेस्कटॉपही पुरतो. त्यावर डेबियन किंवा उबुंटू लिनक्स, ब्राउझरच्या विनंत्या घ्यायला पुढे एन्जिनएक्स, पान तयार करायला मागे पायथनमधलं फ्लास्क आणि ते चालवायला जी-युनिकॉर्न, माहिती ठेवायला एसक्यूलाइट हा एका फाइलमधला डेटाबेस. मोठा डेटाबेस आणायची गरज नाही. शे-दोनशे जॉब आणि दहा-वीस माणसं हा भार एसक्यूलाइटला जाणवतसुद्धा नाही. मात्र त्याची फाइल त्याच मशीनच्या डिस्कवर ठेवा. नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवली तर लॉकिंगचे (एका वेळी एकानेच लिहावं यासाठीच्या कुलपाचे) घोळ होतात, आणि एसक्यूलाइटचा ‘वॉल’ मोड (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) तर नेटवर्क फाइल सिस्टिमवर चालतच नाही. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरणार असाल तर एसडी कार्डवर डेटाबेस ठेवू नका; दोन-चार वेळा लाइट गेली की कार्ड खराब व्हायला लागतं. यूपीएस सर्व्हरला द्या आणि राउटरलाही द्या. राउटर विसरणारे फार.

पायरी १: जॉब टाकतानाच नोंद

घोळाची सुरुवात सबमिट करतानाच होते. जॉब टाकणाऱ्या एस-बॅच कमांडला ‘पार्सेबल’ पर्याय दिला की ‘सबमिटेड बॅच जॉब’ वगैरे वाक्य न येता नुसता जॉब क्रमांक येतो. एकाहून जास्त क्लस्टर जोडलेले असतील तर क्रमांकापुढे अर्धविराम आणि क्लस्टरचं नाव येतं, ते तोडून वेगळं करा.

आता विचार करा: क्लस्टरने जॉब घेतला, पण क्रमांक आपल्यापर्यंत येण्याआधीच लाइन तुटली. आपल्या दप्तरी जॉब नाही, तिकडे मात्र तो रांगेत आहे. माणूस पुन्हा सबमिट करतो आणि तेच काम दोनदा चालून तासांचा कोटा दुप्पट जातो. उपाय सोपा आहे. सबमिट करण्याआधी आपल्या सर्व्हरवर स्वतःची एक खूण तयार करायची, डेटाबेसमध्ये ‘पाठवत आहोत’ म्हणून लिहायची आणि तीच खूण जॉबच्या नावात घालायची. उत्तर आलं नाही तर पुन्हा टाकण्याआधी त्या नावाचा जॉब तिकडे आहे का ते शोधायचं. खूण ‘कॉमेंट’मध्ये ठेवायचा मोह होतो, पण ॲडमिनने वेगळं सेटिंग केलं नसेल तर कॉमेंट स्लर्मच्या हिशेबाच्या डेटाबेसमध्ये (जिथे संपलेल्या जॉबचीही नोंद राहते) जात नाही. नाव जातं.

पायरी २: फक्त बघण्यापुरती किल्ली

माहिती आणायचा साधा मार्ग एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन. त्यासाठी तुमची रोजची किल्ली (पासवर्डऐवजी वापरायची फाइल) वापरू नका, ईडी-२५५१९ प्रकारची वेगळी किल्ली तयार करा. क्लस्टरवरच्या ‘ऑथराइज्ड कीज’ फाइलमध्ये या किल्लीच्या ओळीच्या सुरुवातीला ‘रिस्ट्रिक्ट’ हा शब्द लिहा आणि ‘कमांड’ पर्यायात एका छोट्या स्क्रिप्टचा पत्ता द्या. मग ही किल्ली घेऊन कोणीही आलं तरी तीच एक स्क्रिप्ट चालेल. ना शेल (हव्या त्या कमांड देण्याची जागा) मिळेल, ना पोर्ट फॉरवर्डिंग (या जोडणीतून दुसरीकडे जायची वाट). स्क्रिप्टमध्ये रांग दाखवणारी एस-क्यू आणि हिशेब दाखवणारी एस-ॲक्ट, एवढ्या दोनच कमांड ठेवा. सर्व्हरवरून आलेले जॉब क्रमांक स्क्रिप्टमध्ये जसेच्या तसे घुसडू नका. आकडे, स्वल्पविराम आणि अधोरेखा सोडून काही आलं तर सरळ नकार द्या. ‘रद्द करा’ बटण पानावर हवं असा आग्रह होतोच. या किल्लीवर ते देऊ नका.

काही केंद्रांत लॉगिनला ओटीपी किंवा कॅप्चा लागतो. तिथे आपोआप लॉगिन करण्याच्या पळवाटा शोधू नका, खातं बंद होईल. ॲडमिनला लेखी विचारा. परवानगी नसेल तर जॉबनेच बातमी पाठवायची, किंवा स्लर्मच्या ई-मेल सूचनांवर भागवायचं.

पायरी ३: गोळा करणारा

पान उघडलं की सर्व्हरने एसएसएच करून माहिती आणायची, ही पहिली कल्पना सगळ्यांना सुचते आणि तीच सगळ्यात वाईट. दहा जणांनी टॅब उघडे ठेवले की दहा लॉगिन, तेही दर काही सेकंदांनी. स्लर्मचा मुख्य डेमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) अशा विचारण्यांनी मंदावतो आणि ॲडमिनचा फोन येतो. म्हणून गोळा करणारा प्रोग्राम वेगळा ठेवा. तो दर ६० सेकंदांनी एकदा जातो, सगळ्या जॉबची माहिती एकाच फेरीत आणतो, डेटाबेसमध्ये लिहितो. वेबपान फक्त डेटाबेस वाचतं. तासन् तास चालणाऱ्या जॉबसाठी मिनिटभराचा उशीर कुणाला खटकत नाही.

हा प्रोग्राम लिनक्समधल्या सिस्टिम-डीच्या टायमरवर ‘वनशॉट’ (एकदा चालून संपणारी) सर्व्हिस म्हणून लावा. आधीची फेरी अडकली असेल तर टायमर दुसरी सुरू करत नाही. ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणारा क्रॉन मात्र करतो, त्यामुळे क्रॉनच वापरायचा असेल तर एफ-लॉक (दुसरी फेरी अडवणारं कुलूप) लावा. एसएसएचला बॅच मोड चालू ठेवा म्हणजे पासवर्ड विचारत ताटकळणार नाही. जोडणीची मुदत १० सेकंद आणि संपूर्ण फेरीवर ४० सेकंदांची कात्री. या मुदती नसतील तर लाइन अर्धवट तुटल्यावर प्रोग्राम बराच काळ लटकून राहतो आणि पान आतल्या आत शिळं होत जातं.

फेरीतला क्रम असा. आधी एस-क्यू: हेडर बंद, रकान्यांमध्ये उभी रेघ, आणि जॉबचं नाव सगळ्यात शेवटी. नावात कोणी उभी रेघ घातली असेल तर ती शेवटच्याच रकान्यात राहते, बाकीचे सरकत नाहीत. मग आपल्या डेटाबेसमध्ये चालू किंवा रांगेत असलेले पण एस-क्यूमध्ये न दिसलेले क्रमांक काढायचे आणि फक्त तेवढ्यांसाठी एस-ॲक्टला विचारायचं.

इथे तीन खड्डे आहेत.

पहिला सगळ्यात खोल. एस-क्यूचं उत्तर रिकामं आलं म्हणजे जॉब नाहीत, असं नाही. लाइन पडली तरी उत्तर रिकामंच येतं. एसएसएच स्वतः अपयशी झालं तर त्याचा एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा; शून्य म्हणजे सगळं ठीक) २५५ असतो; तो आधी तपासा. शून्य सोडून दुसरा कोणताही कोड आला तर त्या फेरीत एकाही जॉबची स्थिती बदलायची नाही, फक्त ‘फेरी फसली’ अशी नोंद करायची. स्क्रिप्टच्या सुरुवातीला आणि शेवटी ओळखीची एकेक ओळ छापली तर आणखी बरं. शेवटची ओळ आली नाही म्हणजे उत्तर अर्धवट आहे.

दुसरा: रांगेतून गायब म्हणजे पूर्ण झाला, हेही खरं नाही. एस-क्यू एरवी रांगेतले, चालू आणि आवरत असलेले जॉब दाखवतो. संपलेला जॉब डेमनच्या स्मृतीत ठरावीक वेळच राहतो. मूळ सेटिंगमध्ये ३०० सेकंद. त्यानंतर त्याचा पत्ता फक्त हिशेबाच्या डेटाबेसमध्ये. तो डेटाबेस कधी कधी मागे रेंगाळतो आणि एस-ॲक्ट अजून ‘रनिंग’ म्हणतो. अशा वेळी पानावर ‘तपासत आहोत’ लिहा आणि दहा मिनिटं वाट बघा. तरी उत्तर नाही तर ‘कळत नाही’. ही स्थिती दाखवायला लाजू नका, अंदाजाने रंगवलेल्या हिरव्या ठिपक्यापेक्षा ती कितीतरी बरी.

तिसरा खड्डा एस-ॲक्टच्या छापण्यात. रुंदी कमी पडली की तो ‘कॅन्सल्ड’पुढे अधिकचं चिन्ह टाकून शब्द तोडतो. शिवाय रद्द झालेल्या जॉबला ‘कॅन्सल्ड बाय’ आणि वापरकर्त्याचा क्रमांक असं लांब शेपूट असतं. शब्दाशी तंतोतंत तुलना करणारा कोड इथे हमखास पडतो. ‘पार्सेबल-टू’ पर्याय द्या म्हणजे रकाने तुटणार नाहीत आणि स्थितीचा फक्त पहिला शब्द घ्या. मोठा एक्स हा पर्याय दिला की जॉबच्या आतल्या बॅच, एक्सटर्न वगैरे उपपायऱ्या गळतात. नाही तर एका जॉबच्या तीन-चार ओळी येतात.

पायरी ४: तक्ते आणि वेळ

दोन तक्ते पुरतात. ‘जॉब’मध्ये आपली खूण, क्लस्टरचा क्रमांक, नाव, मालक, स्थिती, कारण, एक्झिट कोड, टाकल्याची, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, आणि शेवटच्या खात्रीची वेळ. ‘घडामोडी’मध्ये प्रत्येक बदल नवी ओळ म्हणून, जुनं काही पुसायचं नाही. ‘रात्री नेमकं काय झालं’ हे सकाळी बघायला हाच तक्ता कामी येतो.

वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवा आणि दाखवताना साडेपाच तास मिळवा. स्लर्म आपल्या क्लस्टरची स्थानिक वेळ छापतो आणि ती कुठल्या टाइमझोनमधली हे सांगत नाही. पुण्यातल्या क्लस्टरची वेळ आपलीच असते म्हणून चूक लक्षात येत नाही. क्लाउडवर गेलं की जॉब ‘टाकण्याआधीच संपलेले’ दिसायला लागतात. स्क्रिप्टमध्ये स्लर्मच्या टाइम फॉरमॅटचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल टक्का-एस (%s) असं ठेवलं की वेळ सरळ एका ठरावीक क्षणापासून मोजलेल्या सेकंदांत येते आणि भानगड मिटते.

‘संपला’ ही स्थिती कायमची आहे असं धरून ती कुलूपबंद करू नका. नोड (क्लस्टरमधलं एक मशीन) पडला आणि रीक्यू (जॉब पुन्हा रांगेत लावायची सोय) चालू असेल तर तोच क्रमांक पुन्हा रांगेत येतो.

ॲरे जॉब (एकाच वेळी टाकलेले एका कामाचे अनेक तुकडे) असतील तर क्रमांकात अधोरेखा आणि कंस येतात: न लागलेले तुकडे एकाच ओळीत गुंडाळलेले, लागलेले सुटे. क्रमांकाचा रकाना आकडा नव्हे तर मजकूर म्हणून ठेवा. पानावर दोनशे ओळी दाखवण्याऐवजी ‘२०० पैकी १४० पूर्ण, ३ फेल’ एवढंच दाखवा. फेल झालेले तेवढे उघडून.

पायरी ५: स्थिती माणसाला कळेल अशी

पेंडिंगसाठी ‘रांगेत’, रनिंगसाठी ‘चालू’, कम्प्लीटिंगसाठी ‘आवरतोय’ एवढं भाषांतर पुरेसं नाही. रांगेतल्या जॉबचं कारण दाखवा, लोकांना तेच हवं असतं. ‘प्रायॉरिटी’ म्हणजे पुढे दुसरे आहेत, ‘रिसोर्सेस’ म्हणजे नंबर लागला आहे पण मशीन रिकामं नाही. दोन्हींत वाट बघायची. ‘डिपेंडन्सी नेव्हर सॅटिस्फाइड’ आलं तर वाट बघून उपयोग नाही, आधीचा जॉब फसला आहे आणि हा कधीच लागणार नाही. ‘पार्टिशन टाइम लिमिट’ म्हणजे मागितलेली वेळ त्या पार्टिशनच्या (क्लस्टरमधल्या मशीनच्या गटाच्या) मर्यादेपेक्षा जास्त. ही शेवटची दोन कारणं लाल रंगात दाखवा. एरवी माणूस तीन दिवस आशेवर राहतो.

संपलेल्यांमध्ये ‘टाइमआउट’, ‘आउट ऑफ मेमरी’, ‘नोड फेल’ आणि साधं ‘फेल्ड’ वेगळे ठेवा. उपाय वेगळे आहेत: पहिल्यात वेळ वाढवायची, दुसऱ्यात मेमरी, तिसऱ्यात पुन्हा टाकायचा, चौथ्यात लॉग वाचायचा. एक्झिट कोड १३७ म्हणजे १२८ अधिक ९, प्रोसेस सक्तीने मारली गेली; मेमरीचा संशय आधी घ्या. १४३ म्हणजे १२८ अधिक १५, सभ्यपणे थांबायला सांगितलं होतं.

आणि ‘कम्प्लीटेड’? त्याचा अर्थ एवढाच की स्क्रिप्ट शून्य कोड देऊन बाहेर पडली. सॉल्व्हर (प्रत्यक्ष गणित करणारा प्रोग्राम) मध्येच मेला, पण स्क्रिप्टची शेवटची ओळ ‘काम झाले’ असं छापणारी एको कमांड असेल तर जॉब कम्प्लीटेडच दिसतो. सॉल्व्हरचं आउटपुट ‘टी’ या कमांडकडे (ती ते स्क्रीनवर आणि फाइलमध्ये दोन्हीकडे लिहिते) पाइप केलं असेल तरी कोड ‘टी’चा येतो, सॉल्व्हरचा नाही. जॉब स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘सेट’चा ई पर्याय आणि पाइपफेल दोन्ही लावा म्हणजे मधे काही फसलं की स्क्रिप्ट तिथेच थांबेल, आणि शेवटी निकालाची फाइल आहे का, रिकामी तर नाही ना, हे तपासून नसेल तर मुद्दाम १ कोडने बाहेर पडा. आमच्या मते पानावर केलेल्या कुठल्याही कारागिरीपेक्षा या चार ओळी जास्त कामाच्या.

पायरी ६: किती टक्के झालं

शेड्युलरला प्रगती कळत नाही, ती जॉबनेच सांगायला हवी. सोपा रस्ता: जॉबने दर पाच मिनिटांनी एका छोट्या फाइलमध्ये टप्पा, टक्के आणि वेळ लिहायची आणि गोळा करणाऱ्याने त्याच फेरीत ती वाचून आणायची; त्यासाठी पायरी २ मधल्या स्क्रिप्टमध्ये ही फाइल वाचणारी कमांड तेवढी वाढवा. थेट त्या फाइलवर लिहू नका; वाचणारा नेमका मधे आला तर अर्धी ओळ मिळते. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहून मग नाव बदला. नाव बदलणं एका झटक्यात होतं, त्यामुळे वाचणाऱ्याला जुनी फाइल मिळते नाहीतर नवी. एनएफएसवर (नेटवर्कवरून वाटलेल्या डिस्कवर) मात्र लॉगिन नोडला नवी फाइल दिसायला मूळ सेटिंगमध्ये मिनिटभर लागू शकतो, तेवढ्यावरून ‘अडकला’ ठरवू नका.

टक्के लॉगमधून काढत असाल आणि लॉग तासभर रिकामाच दिसत असेल, तर बहुतेक वेळा सॉल्व्हर थांबलेला नसून आउटपुट बफरमध्ये (फाइलमध्ये लिहिण्याआधी साठवायच्या जागेत) अडकलेलं असतं. पायथनला ‘अनबफर्ड’ व्हेरिएबल १ द्या, इतर प्रोग्रामना स्टड-बफने ओळीगणिक लिहायला लावा.

जॉबमधून कर्लने (वेब सर्व्हरला निरोप पाठवणाऱ्या कमांडने) थेट आपल्या सर्व्हरला कळवायचं असेल तर आधी कंप्यूट नोडला, म्हणजे जॉब चालतो त्या मशीनला, इंटरनेट आहे का बघा. बहुतेक ठिकाणी नसतं. असेल तर कर्लला ५ सेकंदांची मुदत द्या आणि ते फसलं तरी स्क्रिप्ट पुढे जाईल अशी सोय करा. कोल्हापुरात लाइट गेली म्हणून पुण्यातला बारा तासांचा जॉब मरायला नको. सर्व्हरला ओळख पटवणारं टोकन कमांडच्या ओळीत लिहू नका, त्या नोडवरच्या इतरांना ते पी-एसमध्ये (चालू प्रोग्रामांच्या यादीत) दिसू शकतं. ६०० परवानगीच्या (फक्त मालकालाच वाचता येईल अशा) फाइलमध्ये ठेवा आणि कर्लला फाइल दाखवा.

पायरी ७: पान

फ्लास्कमध्ये दोन पत्ते पुरेत: एक पान, दुसरा जेसन (प्रोग्रामला वाचता येईल अशा रूपातली माहिती) देणारा. ब्राउझरने दर ३० सेकंदांनी जेसन मागायचं. ई-टॅग (उत्तराच्या आवृत्तीची खूण) लावला तर बदल नसताना ३०४, म्हणजे ‘काही बदललेलं नाही’, एवढंच उत्तर जातं. सर्व्हर-सेंट इव्हेंट्स (सर्व्हरने स्वतःहून बदल ब्राउझरला पाठवणं) वापरून बदल क्षणात दाखवता येतात, पण जी-युनिकॉर्नच्या साध्या वर्करवर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेसवर) प्रत्येक उघडा टॅब एक वर्कर अडवून बसतो. चार वर्कर, चार टॅब, पाचव्याला पान नाही. त्यात एन्जिनएक्सचं बफरिंग बंद करायचं आणि ६० सेकंदांच्या वाचन मुदतीआधी काहीतरी पाठवत राहायचं. मिनिटाला एकदा बदलणाऱ्या माहितीसाठी एवढा खटाटोप कशाला?

माहितीचं वय ठळक दाखवा: तीन मिनिटांपर्यंत साधं, तीन ते पंधरा पिवळं, पुढे लाल आणि सगळे ठिपके फिकट. वय सर्व्हरने मोजून पाठवावं, कारण ऑफिसातल्या पीसींची घड्याळं पुढेमागे असतात. मात्र सर्व्हरच बंद पडला तर उघडा टॅब शेवटची माहिती तशीच धरून बसतो; म्हणून शेवटचं उत्तर आल्यापासूनचा वेळ ब्राउझरने स्वतः वयात मिळवत राहायचं.

जॉबचं नाव लोक काहीही ठेवतात. पानात टाकताना ते एस्केप करा (खास चिन्हं साधा मजकूर म्हणून दिसतील असं करा), नाहीतर नावात लिहिलेली स्क्रिप्ट सगळ्यांच्या ब्राउझरमध्ये चालेल. फ्लास्क फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच मशीनवरून येणाऱ्यांचं, ऐकू दे, बाहेर एन्जिनएक्स, त्यावर एचटीटीपीएस आणि पासवर्ड. ग्राहकाच्या कास्टिंगचं नाव जॉबच्या नावात असतं आणि ते गावभर दिसायला नको.

लाइट गेल्यावर

सर्व्हर पुन्हा उठला की पहिल्या फेरीत मधल्या काळाचा हिशेब लागला पाहिजे. क्रमांक देऊन एस-ॲक्टला विचारत असाल तर अडचण नाही. पण वापरकर्त्याच्या नावाने विचारलं आणि सुरुवातीची वेळ दिली नाही, तर तो फक्त आज मध्यरात्रीनंतरचं दाखवतो. रात्री अकराला संपलेला जॉब सापडतच नाही. हरवलेल्या क्रमांकाचा जॉब नावावरून शोधताना नेमकं हेच होतं, म्हणून सुरुवातीची वेळ नेहमी द्या. रास्पबेरी पायच्या बऱ्याच मॉडेलांत बॅटरीवरचं घड्याळ नसतं, उठताना वेळ चुकीची असते. घड्याळ नेटवरून जुळल्यावरच गोळा करणारा सुरू होईल अशी अट सर्व्हिसमध्ये घाला.

पान लोकांना देण्याआधी पाच छोटे जॉब टाकून बघा: दोन मिनिटं झोपून नीट संपणारा, ३ कोड देऊन पडणारा, एका मिनिटाची मुदत मागून पाच मिनिटं झोपणारा, मागितल्यापेक्षा जास्त मेमरी खाणारा, आणि मध्येच रद्द केलेला. मुदतीचा जॉब बरोबर साठाव्या सेकंदाला मरत नाही, थोडा जास्त चालतो; ते ठीक आहे. पाचही ठिकाणी वेगळी आणि बरोबर स्थिती दिसली की दोन जॉब चालू असताना सर्व्हरची नेटवर्क केबल वीस मिनिटं काढून ठेवा. या वीस मिनिटांत सर्व्हरवरच उघडलेल्या पानावर एकही जॉब ‘पूर्ण’ झालेला दिसला, तर एक्झिट कोडची तपासणी राहिली आहे; पायरी ३ मधला पहिला खड्डा पुन्हा बघा.